टीम दर चार वर्षांनी बदलते, मग हे लोक ओरडतात कोणासाठी? कॅन्ससचं कॉलेज बास्केटबॉल, सोप्या भाषेत

मार्च लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये वातावरणच बदलतं. एरवी बास्केटबॉलकडे ढुंकूनही न बघणारी माणसं एक तक्ता भरतात, पाच-दहा डॉलर काढतात आणि गुरुवारी भर दुपारी मीटिंग म्यूट करून दुसऱ्या स्क्रीनवर मॅच लावून बसतात. इकडे नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं एनबीए (इथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) चालू असेल. एनबीए नाही हो, ही कॉलेजची पोरं आहेत, १८ ते २२-२३ वयाची, आणि त्यातली बरीचशी पुढे आयुष्यात कधीच एनबीएत खेळणार नसतात.

मी राहतो ओव्हरलँड पार्कला, म्हणजे कॅन्सस सिटीच्या कॅन्ससकडच्या बाजूला (शहर दोन राज्यांत वाटलेलं आहे, मधून स्टेट लाइन नावाचा साधा रस्ता जातो, पलीकडे मिसुरी). इथे आयटीत आपली मंडळी भरपूर आहेत, आणि के-टेन हायवेने पाऊण तासाच्या आत लॉरेन्स नावाचं एक छोटं गाव येतं जिथे युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस आहे. मी तिथे शिकलेलो नाही. तरी फॅन आहे, आणि भारतातून कोणी आलं की तेच प्रश्न विचारतात, त्यातला सगळ्यात बरोबर प्रश्न हा, की कॉलेजची टीम म्हणजे चार वर्षांत सगळे जाणार, मग तुम्ही फॅन नक्की कोणाचे? त्यात आता पोरांना कोट्यवधी मिळतात, पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, कोर्टाचे निकाल लागतात, अशा बातम्या येतात आणि कोणालाच काही कळत नाही. म्हणून सगळं मुळापासून सांगतो.

आधी हे कॉलेज प्रकरण समजून घेऊ

पुण्यात पुरुषोत्तम करंडक बघितला असेल तर तुमचं अर्धं काम झालं. भरत नाट्य मंदिरात एकांकिकेच्या आधी "अरे आव्वाज कुणाचा" अशी आरोळी उठते ना, त्यात ओरडणारे कितीतरी जण असे असतात की ज्यांना कॉलेज सोडून पंधरा-वीस वर्षं झाली, स्टेजवरच्या एकाही पोराला ते ओळखत नाहीत, तरी घसा फोडतात आणि बाहेर चहा पिताना "आमच्या वेळी काय एकांकिका बसवली होती" हे सुरू करतात. कॉलेज बास्केटबॉल म्हणजे हेच. फक्त नाट्यगृहाच्या जागी पंधरा-सोळा हजार लोकांचं स्टेडियम, टीव्हीचे अब्जावधी डॉलर, आणि कोचला वर्षाला लाखो डॉलर पगार.

ते "आमच्या वेळी" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे एनसीएए. हिच्या सगळ्यात वरच्या गटात साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि ती ३१ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या आपापसातल्या लीगमध्ये विभागलेली आहेत. कॅन्सस बिग ट्वेल्व्ह नावाच्या कॉन्फरन्समध्ये आहे (त्यात आता १६ टीम आहेत, नाव तेच ठेवलंय, इथे असल्या गोष्टींचं कोणाला काही वाटत नाही). खेळाडूला साधारण चार सीझन खेळता येतात. मॅच ४० मिनिटांची, २०-२० चे दोन हाफ.

नोव्हेंबर ते एप्रिल

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इकडच्या तिकडच्या कॉलेजांशी मॅचेस, जानेवारीपासून कॉन्फरन्समध्ये मारामारी, मार्चच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची स्पर्धा, आणि मग एका रविवारी संध्याकाळी कमिटी ६८ टीमची यादी जाहीर करते. ३१ कॉन्फरन्सचे विजेते आपोआप आत, उरलेल्या ३७ कमिटी निवडते. चार भाग करतात, प्रत्येक भागात १ ते १६ असे नंबर लावतात, १ नंबरची गाठ १६ शी, २ ची १५ शी. एक मॅच हरलात की घरी. सहा मॅच सलग जिंकल्या की चॅम्पियन.

ऑफिसमधला तक्ता म्हणजे हेच सगळं आधीच ओळखायचं. सुरुवातीच्या प्ले-ऑफ मॅचेस सोडल्या तर ६३ मॅचेस राहतात, आणि प्रत्येक वेळी नाणं उडवून भरायचं म्हटलं तर ९ च्या पुढे १८ शून्यं एवढे तक्ते होतात. त्यामुळे बास्केटबॉलचा गंध नसलेली अकाउंट्समधली बाई ऑफिसात पहिली येते आणि मॅचेस रट्टा मारून बघणारे आम्ही तळाला, हे ठरलेलंच.

लॉरेन्सच का?

कारण ज्याने हा खेळ काढला तोच इथे नोकरीला होता. जेम्स नायस्मिथ, मूळचा कॅनडाचा, त्याने १८९१ च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात पोरांना घरात खेळता यावं म्हणून पीचच्या टोपल्या लावून हा खेळ सुरू केला, आणि १८९८ ला तो लॉरेन्सला आला. कॅन्ससचा पहिला कोच तोच. गंमत अशी की तेव्हापासून आजपर्यंत या टीमला फक्त ८ कोच झाले आणि त्यांच्यात जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला एकच, खुद्द नायस्मिथ, ५५ जिंकल्या ६० हरल्या. त्याला जिंकण्या-हरण्याचं फार नव्हतंच म्हणतात, पोरांचा व्यायाम झाला की बास.

त्याचाच विद्यार्थी फॉग ॲलन. याने उलटं केलं. कोचिंग हा धंदा म्हणून उभा केला तो याने, कॅन्ससला ३९ सीझन काढले, आणि त्याच्या हाताखाली खेळून गेलेले दोघं, केंटकीचा ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचा डीन स्मिथ, पुढे आपापल्या ठिकाणी दैवत झाले. म्हणजे आज ज्यांच्याशी आमची खुन्नस आहे त्या दोन्ही घराण्यांचे धागे शेवटी लॉरेन्सलाच येतात, हे आम्ही त्यांना आठवण करून द्यायची संधी सोडत नाही.

स्टेडियमला त्याचंच नाव, ॲलन फील्डहाऊस, १९५५ चं. बाहेरून बघाल तर जुनं गोदाम वाटेल. आत लाकडी बाकं, खांद्याला खांदा लावून बसायचं, वर उंच खिडक्या. विद्यार्थ्यांना चांगली जागा हवी असेल तर ग्रुप करून आठवडा-आठवडा आत तळ ठोकावा लागतो, सकाळी सहाला लॉटरी आणि मग दिवसभर ग्रुपमधलं कोणीतरी हजेरीला असलंच पाहिजे, नाहीतर नाव कट. समोरच्या टीमची ओळख करून देताना सगळी पोरं कॉलेजचं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचत असल्याचं नाटक करतात, की तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं. आपल्या टीमचं नाव पुकारलं की त्याच पेपरचे तुकडे हवेत. उत्तरेकडच्या भिंतीवर एक मोठा बॅनर आहे, आत येणाऱ्यांनो फॉगपासून सावध राहा अशा अर्थाचा, तो पहिल्यांदा १९८८ मध्ये पोरांनी हॉस्टेलच्या बाथरूमचे पडदे काढून त्यावर रंगवला होता. आणि आवाज! १३ फेब्रुवारी २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध १३०.४ डेसिबल मोजला गेला, गिनीजमध्ये नोंद आहे. लहान पोरांना नेणार असाल तर कानाला लावायचं काहीतरी न्या, हे मी मनापासून सांगतोय.

लेजंड म्हणजे जिंकलेलाच असतो असं नाही

विल्ट चेंबरलेन हे नाव एनबीए बघणाऱ्यांना माहीत असतं, एका मॅचमध्ये १०० पॉइंट करणारा. तो त्याआधी लॉरेन्सला होता. ७ फूट १ इंच उंच, फिलाडेल्फियाचा पोरगा, देशातली जवळपास सगळी कॉलेजं मागे लागलेली, त्याला फॉग ॲलनने इकडे आणला. पण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळता येत नसे, आणि विल्टचं पहिलं वर्ष संपेपर्यंत ॲलन सत्तरीचा झाला, सक्तीने रिटायर केला. म्हणजे ज्याने आणलं त्याला एक दिवस खेळवता आलं नाही. पहिल्या मॅचला, डिसेंबर १९५६, विल्टने नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ५२ पॉइंट आणि ३१ रिबाउंड काढले. (रिबाउंड म्हणजे चुकलेला शॉट परत खेचून घेणं.) लोकांनी मानून टाकलं की आता दोन-तीन वर्षं चॅम्पियनशिप कुठे जात नाही.

मार्च १९५७, फायनल, तीही कॅन्सस सिटीत, म्हणजे घरच्याच अंगणात. समोर नॉर्थ कॅरोलायना, सीझनभर एकही मॅच न हरलेली. त्यांच्या कोचने सुरुवातीच्या उडीला विल्टसमोर आपला सगळ्यात बुटका, ५ फूट ११ इंचाचा पोरगा उभा केला, निव्वळ चिडवायला, डोकं फिरवायला. मग विल्टच्या भोवती दोघं-तिघं कायम. आणि तेव्हा इतक्या सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे असा नियम नव्हता, त्यामुळे पुढे असलात की बॉल नुसता फिरवत बसायचं. मॅच बरोबरीत, जादा वेळ, परत बरोबरी, परत जादा वेळ, असं तीनदा. शेवटचे सहा सेकंद राहिले असताना नॉर्थ कॅरोलायनाने दोन फ्री थ्रो (समोरच्याने फाउल केला की मिळणारे मोकळे शॉट) टाकले आणि ५४-५३ ने जिंकले. विल्टकडे टाकलेला शेवटचा पास त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

आणखी एक सीझन खेळून विल्ट गेला आणि जवळजवळ चाळीस वर्षं लॉरेन्सपासून लांबच राहिला म्हणा. इथल्यांना वाटायचं तो आपल्यावर रागावलाय, कारणही होतं, पन्नासच्या दशकात काळ्या माणसाला या भागात हॉटेलात बसू देत नसत, ते त्याने भोगलेलं. पण १७ जानेवारी १९९८ ला १३ नंबरची जर्सी छताला लावायला तो आला, अंगात कॉलेजचं जुनं जॅकेट, आणि हाफटाइमला माईकवर जे बोलला त्याचा अर्थ हा, की ती फायनल हरून मी तुम्हा सगळ्यांना खाली बघायला लावलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. म्हणजे दोन्हीकडे गैरसमज. तो म्हणतोय मी तुमचा गुन्हेगार, आणि स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. यूट्यूबवर ते भाषण आहे, मिळालं तर बघा, बास्केटबॉल कळत नसलं तरी चालेल.

जिंकलेल्यांत डॅनी मॅनिंग. त्याचे वडील ट्रक चालवायचे, त्यांना कोच लॅरी ब्राउनने सहायक कोच म्हणून घेतलं, आणि पोरगा कॅन्ससला आला (लोक काय म्हणायचं ते म्हणाले). १९८८ ला डॅनी चौथ्या वर्षाला होता आणि टीमची दैना, एका टप्प्यावर १२ विजय ८ पराभव, त्यांना स्पर्धेत घेतील की नाही हीच शंका. ४ एप्रिल १९८८, परत कॅन्सस सिटी, ओक्लाहोमाला ८३-७९ ने हरवलं, मॅनिंगचे ३१ पॉइंट आणि १८ रिबाउंड. अकरा मॅचेस हरून चॅम्पियन झालेली ही एकमेव टीम. त्यानंतर ब्राउन एनबीएत निघून गेला आणि भरतीतल्या गैरप्रकारांसाठी कॅन्ससला पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतून बाहेर ठेवलं, गतविजेता असून दारात. आमचं सुख असं अखंड कधी नसतंच.

आणि २००८, सॅन अँटोनिओ. मेम्फिससमोर दोन मिनिटं उरलेली असताना ९ ने मागे, मेम्फिसचे फ्री थ्रो चुकायला लागले, आणि २.१ सेकंद शिल्लक असताना मारिओ चाल्मर्सने लांबून तीन पॉइंटचा शॉट टाकून बरोबरी केली, जादा वेळेत ७५-६८. कॅन्ससमध्ये नुसतं "मारिओ" म्हटलं तरी माणसाला कुठल्या शॉटबद्दल बोलताय ते कळतं.

आता एक सीझन जवळून, २०२१-२२

या सीझनची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. २०२० ला आमची टीम २८-३ होती, देशात एक नंबर, आणि मार्चमध्ये कोविडमुळे स्पर्धाच रद्द. कोणी हरवलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्या टीममधली काही पोरं उरली होती, त्यात ओचाय अगबाजी. कॅन्सस सिटीच्याच शाळेतला, आला तेव्हा फार गवगवा नाही, पहिल्या वर्षी तर त्याला बाकावरच ठेवून एक वर्ष वाचवायचं ठरलं होतं, मग टीममधला मोठा खेळाडू जखमी झाला म्हणून जानेवारीत उतरवला. २०२१ ला एनबीएत जायची चाचपणी करून परत आला, चौथं वर्ष खेळायला. त्याच्या जोडीला क्रिश्चन ब्राउन, आमच्या ओव्हरलँड पार्कच्या ब्लू व्हॅली नॉर्थवेस्ट शाळेचा (आपल्या कितीतरी लोकांची पोरं त्याच शाळांत जातात, त्यामुळे भिशीत आणि गणपतीतसुद्धा त्याच्यावर चर्चा), बास्केटजवळ धिप्पाड डेव्हिड मकॉर्मॅक, आणि ॲरिझोना स्टेटहून शेवटच्या वर्षाला आलेला रेमी मार्टिन, ज्याचा गुडघा अर्धा सीझन दुखत होता.

डिसेंबरमध्ये मिसुरीला १०२-६५ ने धुतलं. हे मुद्दाम सांगायचं कारण कॅन्सस-मिसुरी हे भांडण बास्केटबॉलपेक्षा जुनं आहे, १८६३ मध्ये मिसुरीकडून आलेल्या टोळीने लॉरेन्स जाळलं होतं, आणि २०१२ मध्ये मिसुरी कॉन्फरन्स सोडून गेल्यापासून ही मॅच जवळपास बंदच होती. ऑफिसात निम्मे लोक स्टेट लाइनच्या पलीकडून येतात, त्या सोमवारी कॅन्टीनमध्ये शांतता होती. जानेवारीत टेक्सस टेकविरुद्ध दोनदा जादा वेळ, अगबाजीचे ३७. आणि त्याच आठवड्यात घरच्या मैदानावर केंटकीने ८०-६२ असं लोळवलं, इतकं की लोक मॅच संपायच्या आधीच पार्किंगकडे निघाले. त्या रात्री ही टीम चॅम्पियन होईल म्हणणारा मला तरी भेटला नाही.

स्पर्धेत मायामीसमोर हाफटाइमला सहाने मागे, मग दुसऱ्या हाफमध्ये ४७-१५. सेमीफायनलला व्हिलानोव्हा, अगबाजीने सातपैकी सहा लांबचे शॉट टाकले. आणि ४ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लीन्स, फायनलला कोण तर नॉर्थ कॅरोलायना. १९५७ वाले. हाफटाइमला २५-४०.

इथे मघाचं "आमच्या वेळी" कामाला येतं. बिल सेल्फ, २००३ पासूनचा कोच, २००८ लाही तोच होता. त्याने हाफटाइमला पोरांना विचारलं, तुम्हाला काय चालेल, अर्धी मॅच हातात असताना १५ ने मागे की दोन मिनिटं राहिलेली असताना ९ ने मागे? त्या खोलीतली पोरं २००८ ला प्राथमिक शाळेत होती. पण प्रत्येकाला तो शॉट माहीत होता, रोज प्रॅक्टिसला जाता-येता तो फोटो बघतच ती मोठी झालेली. बाहेर आले आणि दहा मिनिटांच्या आत बरोबरी. रेमी मार्टिनचे लांबचे शॉट, शेवटच्या दीड मिनिटात मकॉर्मॅकच्या दोन बास्केट, ७२-६९. एवढ्या मोठ्या पिछाडीवरून फायनल कोणी कधी जिंकली नव्हती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. खेळाडू जातात, पण गोष्ट पुढच्या बॅचला मिळते, आणि ती नुसती भिंतीवर टांगायला नसते, वेळेला वापरली जाते.

"एका मॅचवर सगळं? हा तर निव्वळ लक!"

बरोबर आहे, बऱ्यापैकी लकच आहे. खरी चांगली टीम ओळखायची तर पाच-सात मॅचेसची सिरीज हवी, एनबीएत तसंच असतं. इथे २०१८ ला पहिल्या नंबरच्या व्हर्जिनियाला यूएमबीसी नावाच्या कॉलेजने २० पॉइंटने हरवलं, २०२३ ला पर्ड्यूला फेअरली डिकिन्सनने. आमचं म्हणाल तर २०१० ला एक नंबरवर असताना नॉर्दर्न आयोवाने काढलं, ते नाव मी घरात घेऊ देत नाही. आणि ताजं म्हणजे २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही सीझन सुरू होताना देशात एक नंबर आम्हीच, आणि शेवट? पहिल्या वर्षी दुसऱ्या फेरीत गॉन्झागाकडून ८९-६८, पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत आर्कान्सॉकडून ७९-७२. पहिल्या फेरीत हरायची वेळ २००६ नंतर प्रथमच. आर्कान्सॉचा कोच जॉन कॅलिपारी, २००८ च्या फायनलला मेम्फिसचा कोच होता तो, म्हणजे सतरा वर्षांनी हिशोब चुकता (मधे २०१२ ला केंटकीचा कोच असतानाही त्याने आम्हाला फायनल हरवलेलीच आहे, पण माणूस समाधानी नाही).

पण लक काढून टाकलं तर छोट्या कॉलेजांना या स्पर्धेत यायचं कारणच राहत नाही, आणि ऑफिसातला तक्ता तर कोणीच भरणार नाही.

पैशांचं काय प्रकरण आहे?

पूर्वी नियम साधा होता, फी माफ, राहणं-जेवण फुकट, त्यापलीकडे खेळाडूने एक डॉलर घ्यायचा नाही. कॉलेज टीव्हीचे पैसे घेणार, कोच लाखो कमावणार, खेळाडूची जर्सी दुकानात विकली जाणार, आणि खेळाडू हौशी. यूसीएलएचा माजी खेळाडू एड ओबॅननने व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच बघितलं, ज्याचे त्याला काही मिळाले नव्हते, आणि २००९ मध्ये केस टाकली. तिथून भिंतीला तडे जायला लागले. २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून एनआयएल सुरू झालं. एनआयएल म्हणजे आपलं नाव, चेहरा, ओळख वापरून जाहिरातीतून वगैरे पैसे कमवायची मुभा. प्रत्यक्षात पैसेवाले माजी विद्यार्थी फंड करून खेळाडूंना द्यायला लागले. मग जून २०२५ मध्ये हाउस नावाच्या खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि आता कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

दुसरी गोष्ट ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे मला कॉलेज बदलायचंय असं नाव नोंदवायची यादी. पूर्वी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२१ पासून पहिल्यांदा बदलताना नाही, २०२४ पासून कितीही वेळा. दोन्ही एकत्र केलं की काय होतं ते तुम्हाला आयटीवाल्यांना समजावायला नको, दरवर्षी नोटीस पीरियड, दरवर्षी नवी ऑफर.

कॅन्ससच्या बाबतीत यात एक कडू गंमत आहे. २०१७ मध्ये एफबीआयने एक प्रकरण उघड केलं, आदिदासशी संबंधित माणसांनी खेळाडूंच्या घरच्यांना गुपचूप पैसे दिले होते, त्यात कॅन्ससचं नाव आलं. निकाल लागला ऑक्टोबर २०२३ मध्ये, २०१७-१८ चे १५ विजय आणि त्या वर्षीची फायनल फोर (म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये पोचणं) रेकॉर्डमधून पुसली, बॅनर उतरला. २०२२ मध्ये सर्वाधिक विजयांच्या यादीत आम्ही केंटकीच्या पुढे गेलो होतो, ते परत मागे. निकाल आला तोवर पोरांना उघड पैसे देणं सगळ्या देशात कायदेशीर झालं होतं. नियम तेव्हा होता आणि मोडला हे खरंच, मी वकिली करत नाही, पण वेळ बघा.

"मिळू देत की पोरांना पैसे, तुमचं काय जातं?"

काही जात नाही. उलट आधीच मिळायला हवे होते, विल्टच्या काळापासून. गुडघा गेला की संपलं, असा हा धंदा, त्यात विसाव्या वर्षी चार पैसे जमले तर घरचे सुटतात. "पैशाने खेळाचं पावित्र्य गेलं" म्हणणाऱ्यांनी कोचचे पगार बघावेत. आणि पोरं लवकर जाणं नवीन नाही, एनबीएने २००६ पासून १९ वर्षांची अट लावली तेव्हापासून एक वर्ष खेळून जाणारे आहेतच, अँड्र्यू विगिन्स आणि जोएल एम्बीड दोघं एकाच वर्षी इथे आले आणि एकाच वर्षात गेले.

हो, एक आपल्या ओळखीची भानगड. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूंना हे पैसे घेणं अवघड, कारण काम केल्याचं धरलं तर व्हिसा धोक्यात. पर्ड्यूचा झॅक एडी, कॅनडाचा, दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि इथे राहून जाहिराती करता येत नव्हत्या. एम.एस. करताना कॅम्पसबाहेर तासभर काम करायला घाबरणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगितलं की जरा बरं वाटतं त्यांना.

मला खटकतं ते वेगळं. अगबाजी पहिल्या वर्षी साधा होता, चौथ्या वर्षी देशातला एक सर्वोत्तम झाला, आणि ते घडताना आम्ही बघितलं. आज तसा पोरगा दुसऱ्या वर्षी बाकावर बसला तर पोर्टलमध्ये जाईल, आणि चांगला खेळला तर दुसरं कोणीतरी दुप्पट देईल. तो पोरगा चुकला नाही. पण हाफटाइमला कोच २००८ ची आठवण काढेल तेव्हा खोलीतल्या निम्म्यांना लॉरेन्सला येऊन आठ महिने झालेले असतील. २०२४ आणि २०२५ च्या टीम बघताना मला तेच जाणवलं, नावं मोठी होती, मिशिगनहून आलेला हंटर डिकिन्सन तर आकड्यांत उत्तम, पण अडचणीत कोणी कोणाकडे बघायचं हे ठरलेलं दिसत नव्हतं. आमचे काही मित्र म्हणतात हा म्हातारपणाचा सूर आहे, २०२२ लाही रेमी मार्टिन पोर्टलमधूनच आला होता. आला होता, पण जुन्यांमध्ये येऊन बसला होता, सगळेच नवे नव्हते.

"मग सरळ एनबीएच बघा ना, खेळ तरी चांगला असतो"

खेळ नक्कीच चांगला असतो. कॉलेजमध्ये फ्री थ्रो चुकतात, सोपे पास बाहेर जातात, २० वर्षांचं पोर शेवटच्या मिनिटाला गांगरतं. २०२२ च्या फायनललाच ४.३ सेकंद राहिले असताना आमच्या खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला आणि बॉल फुकट त्यांना गेला, सुदैवाने त्यांचा शेवटचा शॉट चुकला. एनबीएचा खेळाडू असं क्वचित करेल. पण त्याला पुढच्या आठवड्यात आणखी तीन मॅचेस असतात, पुढच्या वर्षी ८२ असतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या पोराला नसतात, आणि ते त्याला माहीत असतं, म्हणून हरल्यावर ती तशी रडतात.

बघायचं असेल तर

मोठ्या मॅचचं तिकीट परवडत नाही, त्याच्या मागे लागू नका. डिसेंबरमध्ये छोट्या कॉलेजांविरुद्ध मॅचेस असतात, विद्यार्थी सुट्टीला गेलेले असतात, तेव्हा बऱ्या भावात मिळतात, थोडी वाट बघितली तर आणखी उतरतात. दुपारीच पोचा. स्टेडियमला लागून डीब्रूस सेंटर आहे, तिथे नायस्मिथने टाइप करून लावलेले मूळ १३ नियम ठेवलेत, दोनच पानं, २०१० च्या लिलावात डेव्हिड बूथ नावाच्या माजी विद्यार्थ्याने ४३ लाख डॉलरला घेतली. तिसरा नियम वाचा, बॉल हातात घेऊन पळायचं नाही एवढंच आहे, ड्रिबलचा, म्हणजे बॉल आपटत पुढे नेण्याचा, पत्ताच नाही. मग मॅच सुरू व्हायच्या निदान वीस मिनिटं आधी जागेवर जाऊन बसा, कारण "रॉक चॉक जेहॉक" (जेहॉक म्हणजे आमचीच टीम) ही घोषणा त्याआधी सुरू होते, संथ, सगळं स्टेडियम एका सुरात, आणि पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून ती चुकवली तर तिकिटाचे अर्धे पैसे गेले समजा.